सूत्र आणि भाष्य

ज्याला एखादी गोष्ट कळली आहे, त्यानें ती दुसऱ्यास कळेल अशा रीतीनें सांगणें हें त्याचें कर्तव्य आहे, कीं तें केवळ त्याच्या सौजन्याचें लक्षण आहे? प्रश्न जुना आहे. कवि, तत्त्वज्ञ आणि शास्त्री यांच्या संबंधानें तो अनेकदां विचारला गेला आहे, आणि दुर्बोधतेचा कैवार घेणारे समर्थ वकील त्या तिघांनाही मिळालेले आहेत. परंतु अलीकडे हाच प्रश्न एका अगदीं नव्या धंद्यांत, आणि तोही फार निकडीच्या स्वरूपांत, उपस्थित झाला आहे. व तो धंदा आमच्या खानदेशांतील मध्यम स्थितीच्या घरांत शिरलेला असल्यामुळें त्याचा येथें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. आम्ही सॉफ्टवेअरच्या धंद्याविषयीं बोलत आहों.

जळगांव आणि धुळें येथील इंजिनिअरिंग कॉलेजांतून पदवी घेऊन दरवर्षीं कितीतरी मुलगे व मुली पुण्यास, मुंबईस किंवा बंगळूरास नोकरीसाठीं जातात. घरच्या वडील मंडळींची समजूत अशी असते कीं आपला मुलगा दिवसभर संगणकाशीं बोलत बसतो. वास्तविक त्याचा बराच वेळ माणसांचें लिहिणें वाचण्यांत जातो. जो प्रोग्रॅम त्याच्या हातीं सोंपविला जातो तो बहुधा दुसऱ्या कोणीं तरी पूर्वीं लिहिलेला असतो. तो लिहिणारा आज दुसऱ्या नोकरींत, दुसऱ्या शहरांत किंवा परदेशांत असतो. आणि त्यानें मागें ठेविलेल्या चार ओळींवरून त्याच्या मनांतील हेतु ओळखणें हेंच नव्या माणसाचें पहिलें काम होऊन बसतें. दिवाळीच्या सुटींत आमचे जुने विद्यार्थी भेटावयास येतात तेव्हां त्यांच्या तक्रारींत ही एक तक्रार हटकून असते. मौज अशी कीं, आपल्या पूर्वींच्या माणसानें कांहींच नीट लिहून ठेविलें नाहीं असें तळमळून सांगणारा तरुण, 'तूं स्वतः काय लिहून ठेविलेंस?' असें विचारतांच हंसून विषय बदलतो. 'सर, प्रोग्रॅम चालतो आहे ना, मग झालें!' हें त्याचें उत्तर. हें उत्तर पुरेसें आहे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या धंद्याशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. प्रोग्रॅम म्हणजे यंत्रानें कोणत्या क्रमानें काय करावें याविषयींच्या आज्ञांची मालिका; तिला व्यवहारांत कोड म्हणतात. या कोडाला दोन वाचक असतात. एक यंत्र. तें आज्ञा पाळतें. ती कां दिली हें तें विचारीत नाहीं, आणि तें सांगितलें नाहीं म्हणून त्याचें कांहीं अडतही नाहीं. दुसरा वाचक माणूस. उद्यां कायदा बदलला, कराचा दर बदलला, बँकेचा नियम बदलला, कीं त्या आज्ञांत फेरफार करण्याचें काम या माणसाकडे येतें. आणि 'कां' हें समजल्यावांचून त्याला एका अक्षरालाही निर्धास्तपणें हात लावतां येत नाहीं. म्हणून कोडाच्या जोडीला कांहीं गद्य लिहावें लागतें: कोडामध्यें जागोजाग घातलेल्या टीपा, प्रोग्रॅम कसा बसवावा व कसा वापरावा याची माहिती, कोणता बदल कोणत्या कारणानें केला याची नोंद, आणि कांहीं बिघडलें असतां वापरणाराच्या दृष्टीस पडणारे निरोप. या सर्वांस मिळून डॉक्युमेंटेशन असें म्हणतात. अमेरिकेंतील विख्यात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनीं तर १९८४ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं प्रोग्रॅम हा मुळांत माणसाला उद्देशून लिहिलेला लेखच समजावा. यंत्राला तो समजतो हें ओघानेंच आलें.

हा विचार ज्यांस परका वाटेल त्यांनीं चाळीसगांवाकडे दृष्टि वळवावी. त्या गांवापासून थोड्या अंतरावर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं पाटण नांवाचें जुनें ठिकाण आहे. हल्लीं लोक त्याला पाटणादेवी म्हणतात. तेथील एक शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे सुमारें इ. स. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हे) हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या सिद्धांतशिरोमणि आदिकरून ग्रंथांचें अध्यापन अखंड चालावें म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील स्थानिक अधिपतीनें त्या मठाला उत्पन्न लावून दिलें, अशी हकीकत या लेखांत आहे. ग्रंथ लिहून झाल्यावर तो पुढच्या पिढीला कळत राहील अशी तजवीज करणें हें ग्रंथकर्तृत्वाचेंच अंग आहे, ही जाणीव आठशें वर्षांपूर्वीं आमच्या या डोंगराळ मुलखांत दगडावर कोरलेली आहे.

खुद्द भास्कराचार्यांची लेखनपद्धति पाहिली म्हणजे ही जाणीव त्या घराण्यांत कोठून आली हें कळतें. सिद्धांतशिरोमणि त्यांनीं शके १०७२ मध्यें (इ. स. ११५०), वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचिला. गणिताचे नियम त्यांनीं पद्यांत, अगदीं मोजक्या शब्दांत घातले; कारण ते मुखोद्गत व्हावयाचे होते. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. लीलावतींत नियमामागून उदाहरण येतें, आणि तें भुंग्यांचें, कमळाचें, मोराचें व सापाचें असें डोळ्यांपुढें उभें राहणारें असतें. पुढें ग्रहगणित व गोल या भागांवर त्यांनीं स्वतःच गद्यांत 'वासनाभाष्य' लिहिलें. वासना म्हणजे येथें उपपत्ति, अर्थात् नियम असाच कां याचें विवरण. गोलाध्यायाच्या आरंभीं ते स्पष्ट सांगतात कीं उपपत्तीवांचून गणकाला जाणत्यांच्या सभेंत प्रतिष्ठा मिळत नाहीं, आणि त्याचें स्वतःचें मनही निःशंक होत नाहीं.

प्रोग्रॅम हें आजचें सूत्र आहे. तें थोडक्यांत असावें, नेमकें असावें, त्यांत एक अक्षरही अधिक नसावें, हें योग्यच आहे. पण सूत्राला भाष्य लागतें. आमच्या परंपरेंत पुष्कळदां असें झालें कीं सूत्र एकानें रचिलें आणि भाष्य कित्येक शतकांनीं दुसऱ्यानें लिहिलें; मधल्या काळांत सूत्रकाराचा अभिप्राय काय होता यावर पंथ निर्माण झाले आणि वाद माजले. भास्कराचार्यांनीं हा प्रसंग आपल्या शिष्यांवर येऊं दिला नाहीं. आजच्या सॉफ्टवेअर लिहिणाराची स्थिति नेमकी अशीच असते. अमुक मार्ग सोडून तमुक मार्ग कां धरला, हें आज या घटकेस त्याच्याइतकें कोणासच ठाऊक नसतें. आणि सहा महिन्यांनीं तें त्यालाही आठवेल अशी खात्री नसते. भाष्य लिहिण्याची वेळ तीच.

आचार्यांच्या म्हणण्याचा उत्तरार्ध आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. स्पष्ट लिहिणें हा दुसऱ्यावर केलेला उपकार आहे असें आपण धरून चालतों. पण ज्यानें कोणी आपलें काम समजावून लिहिण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे त्याचा अनुभव वेगळा असतो. तिसऱ्या वाक्यापाशीं लेखणी अडते, आणि अडण्याचें कारण शब्दांची टंचाई हें नसून विचारांतील भोंक हें असतें. 'हें असें होतें' इतकें आपणांस ठाऊक होतें. 'असेंच कां होतें' हें आपण कधीं स्वतःस विचारलेंच नव्हतें, हें तेथें उघडें पडतें. म्हणून जो म्हणतो कीं मला काम येतें पण लिहितां येत नाहीं, त्यानें आपलें पहिलें विधान एकवार तपासून पाहावें अशी आमची त्याला विनंती आहे.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व खरें असलें तरी त्यांत नीतीचा संबंध कोठें आला? दुर्बोध लिहिणारा फार तर अनाडी ठरेल, अपराधी कसा? या आक्षेपाला उत्तर म्हणून आम्ही एक घडलेली गोष्ट सांगतों. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिकेंत व कॅनडांत थेरॅक-२५ नांवाच्या, कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रानें सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर भयंकर मात्रेचे किरण दिले. त्यांतील कांहीं दगावले. मुख्य दोष यंत्र चालविणाऱ्या प्रोग्रॅममध्यें आणि सुरक्षिततेची मदार सर्वस्वीं त्या प्रोग्रॅमवर ठेवण्यांत होता, हें खरें. परंतु १९८६ मध्यें टेक्सासमधील एका रुग्णालयांत तो दोष प्रकट झाला तेव्हां यंत्र चालविणाऱ्या बाईंना पडद्यावर काय दिसलें? 'मालफंक्शन ५४', म्हणजे बिघाड क्रमांक ५४, एवढेंच. हा बिघाड कोणता, तो क्षुल्लक कीं प्राणघातक, याचा खुलासा यंत्राबरोबर दिलेल्या माहितीपुस्तकांत नव्हता. यंत्र असे किरकोळ आंकडे वरचेवर दाखवी, आणि कळ दाबली कीं काम पुढें चालू होई. त्याही वेळीं त्यांनीं कळ दाबली. त्या आंकड्याच्या जागीं एक सरळ, पूर्ण वाक्य असतें तर तो हात थांबला असता असें मानण्यास पुष्कळ जागा आहे. तें वाक्य न लिहिणाराच्या मनांत कोणाचें वाईट नव्हतें. त्याच्या मनांत ती बाई आणि तो रुग्ण हे मुळीं आलेच नाहींत, इतकेंच. परंतु ज्याच्यावर आपल्या कृतीचा परिणाम व्हावयाचा आहे तो मनांतच न येणें, यालाच आम्ही नैतिक दोष म्हणतों. हेतु वाईट नसणें आणि दुसऱ्याची जाणीव असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक अपुरें वाक्य प्राणावर बेततें असें आमचें म्हणणें नाहीं. पण लहान प्रमाणांत तोच प्रकार रोज घडतो. रावेरकडील एखादा केळीचा बागायतदार मुदतीच्या अखेरच्या दिवशीं संगणकावर अर्ज भरावयास बसतो, आणि पडद्यावर 'एरर' असा शब्द व पुढें एक आंकडा उमटतो. आपलें काय चुकलें, तें सुधारतां येईल कीं नाहीं, अर्ज पोंचला कीं नाहीं, यांतलें त्याला कांहींच कळत नाहीं. तो स्वतःलाच अडाणी समजून उठून जातो. लिहिणाराच्या आळसाचें माप वाचणाराच्या पदरांत पडतें, आणि तेंही वाचणाराच्या अज्ञानाच्या नांवानें. हा अन्याय आहे; फक्त तो करणाराला दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनीं १९८५ मध्यें असें मत मांडलें कीं प्रोग्रॅमचें खरें ज्ञान तो रचणारांच्या मनांत असतें. तें कागदावर पुरतें उतरवितां येत नाहीं. आणि ती मंडळी पांगली म्हणजे प्रोग्रॅम चालत असूनही मेल्यासारखा होतो. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटिसानेंही लिहिलेल्या शब्दाविरुद्ध अशीच तक्रार केली आहे: त्याला प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाहीं. आमच्याकडे विद्या गुरुमुखानेंच घ्यावी असें म्हणत आले ते याच अनुभवावरून. आयुष्य वर्गांत घालविलेल्या शिक्षकाला हें सर्व नाकारतां येणार नाहीं. समोरच्या मुलाच्या कपाळावरची आठी पाहून वाक्य फिरविण्याची जी सोय बोलणाराला असते, ती लिहिणाराला नाहीं.

परंतु सगळें लिहितां येत नाहीं, यावरून कांहींच लिहूं नये असें निष्पन्न होत नाहीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे यांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं. २१ फेब्रुवारीस आरंभ झाला आणि अठरा अध्यायांचीं अठरा प्रवचनें झालीं. ऐकणारे त्यांचे सहकैदी होते, आणि त्यांतील साने गुरुजी तीं लिहून घेत होते. वक्त्याचा आवाज, तुरुंगांतील ती शांतता, ऐकणारांच्या मनाची ती स्थिति, यांतील फारच थोडें कागदावर उतरलें असेल. पण जें उतरलें त्याच्या योगानें 'गीता-प्रवचनें' हा ग्रंथ झाला, आणि धुळें कोठें आहे हें ज्यांस ठाऊकही नाहीं अशा अनेक भाषांतल्या लोकांपर्यंत तो पोंचला. जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांची गाणीं मुलानें व घरच्या माणसांनीं टिपून ठेविलीं म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्यें पुस्तकरूपानें आलीं. आणि २०१८ पासून जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचेंच नांव आहे. शेतांत काम करतांना म्हटलेलें गाणें पूर्णांशानें कागदावर येत नाहीं असें म्हणून ती मंडळी स्वस्थ बसलीं असतीं तर त्यांचें म्हणणें तात्त्विक दृष्ट्या बिनतोड ठरलें असतें, आणि आपण कायमचे दरिद्री झालों असतों. नाउर यांच्या मताचा आम्ही असा अर्थ करतों कीं लिहिणें पुरेसें नसलें तरी आवश्यक आहे. शिकविणारा जवळ नसतांना शिकणाराला निदान आरंभ करतां यावा, एवढें काम त्यानें होतें.

तिसरें एक कारण आहे; तें तोंडानें कोणी सांगत नाहीं, पण मनांत पुष्कळांच्या असतें. जें मला एकट्यालाच ठाऊक आहे, त्यामुळें माझी नोकरी टिकेल. आपला रामबाण पाठ कोणासही न सांगतां मरणारा वैद्य आपल्या परिचयाचा आहे. हा त्याचाच नवा अवतार. या भीतीची आम्ही चेष्टा करूं इच्छीत नाहीं. ज्याच्या डोक्यावर घराचें कर्ज आहे आणि ज्याला एका दिवसाच्या नोटिशीनें काढून टाकतां येतें, त्याला औदार्याचा उपदेश करणें सोपें आहे. लिहिण्याला वेळ न देणारा आणि लिहिलेल्याची किंमत न करणारा मालक या दोषांत बरोबरीचा वांटेकरी आहे, हेंही स्पष्ट बोललें पाहिजे. तरीसुद्धां त्या तरुणानें एका गोष्टीचा विचार करावा. तो स्वतः जें शिकला तें कोठून शिकला?

आपल्या धर्मशास्त्रांत माणूस तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें म्हटलें आहे, आणि त्यांतील ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. त्याचा आजचा अर्थ आम्ही असा समजतों कीं ज्यांनीं जाणलें आणि सांगून ठेविलें त्यांचें देणें आपणही जाणून व सांगून ठेवून फेडावयाचें. हें ऋण सॉफ्टवेअरच्या धंद्याइतकें दुसऱ्या कोणत्याही धंद्यांत उघड दिसत नाहीं. युनिक्स नांवाची जी प्रणाली आजच्या कितीतरी संगणकांच्या व दूरध्वनियंत्रांच्या मुळाशीं आहे, तिची पहिली माहितीपुस्तिका केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं नोव्हेंबर १९७१ मध्यें तयार केली. तींत प्रत्येक आज्ञेचें वर्णन ठराविक मथळ्यांखालीं दिलें आहे, आणि त्यांतील एक मथळा 'बग्ज', म्हणजे दोष, असा आहे. हें कोठें फसतें, हें रचणारानेंच तेथें लिहून ठेवावयाचें. आपल्या कृतीचे दोष आपल्याच हातानें, गिऱ्हाइकाला दिसतील अशा ठिकाणीं मांडण्याची ही रीत पाहिली म्हणजे स्पष्ट लेखन हें शेवटीं सत्यनिष्ठेचेंच एक रूप आहे, हें पटावयास उशीर लागत नाहीं.

आतां आमच्या मुलांची खरी म्हणून जी अडचण सांगितली जाते तिच्याकडे वळूं. घरीं अहिराणी, शाळेंत मराठी, आणि नोकरींत इंग्रजी, अशी तीन पायऱ्यांची चढण चढून गेलेला मुलगा म्हणतो, 'माझें इंग्रजी कच्चें आहे, म्हणून मला लिहितां येत नाहीं.' इंग्रजीच्याच अध्यापनांत आमचा जन्म गेला असल्यामुळें या बाबतींत बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे. आमचें मत असें कीं कच्च्या इंग्रजीनें होणारें नुकसान थोडें, आणि फुगविलेल्या इंग्रजीनें होणारें फार मोठें. लाज झांकण्यासाठीं तो लांबलचक शब्द जमवितो, कर्मणि प्रयोगाची रास घालतो, आणि शेवटीं कोणीं, केव्हां, काय करावयाचें हें कोठेंच सांगत नाहीं. जी गोष्ट आपल्या आईला किंवा धाकट्या बहिणीला अहिराणींत सांगतां येते, ती इंग्रजींतही लहान लहान वाक्यांनीं सांगतां येते. जी तशी सांगतां येत नाहीं, ती मुळांत समजलेलीच नसते. पाटणचा शिलालेख येथेंही मार्ग दाखवितो. त्यांतील प्रशस्ति आणि वंशवर्णन संस्कृतांत आहे. पण मठाला कोणीं काय द्यावयाचें हा व्यवहाराचा भाग त्या काळच्या मराठींत कोरलेला आहे. लेखकाला संस्कृत येत होतें. देणाराला मराठी येत होतें. आणि तेथें देणाराची सोय पाहिली गेली. भाषा कोणती वापरावी याचा निकाल लिहिणाराच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर वाचणाराच्या गरजेवरून व्हावयाचा असतो.

हें कौशल्य वाढवावें कसें, याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. त्यासाठीं दूर जावयास नको. धुळ्यांतच दोन चांगलीं गुरुकुलें आहेत. एक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यांत वारले आणि पुढच्याच वर्षीं हें मंडळ स्थापन झालें. मराठेशाहींतील जीं हजारों पत्रें राजवाड्यांनीं व त्यांच्या मागून इतरांनीं जमविलीं, त्यांतील पुष्कळांवर तिथि किंवा चंद्र असतो, महिना असतो, पण वर्ष नसतें. लिहिणाराला वाटे, यंदाचें वर्ष कोणाला ठाऊक नाहीं? त्या एका न लिहिलेल्या आंकड्यासाठीं संशोधकांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत. सॉफ्टवेअर लिहिणारानें यांतून घ्यावयाचा धडा असा: जें आज सर्वांस माहीत आहे म्हणून लिहावेंसें वाटत नाहीं, तेंच आधीं लिहावें. तारीख, कारण, त्या वेळची अडचण, आणि जे मार्ग पाहून सोडून दिले ते मार्ग. 'काय केलें' हें कोड स्वतःच सांगतो. 'कां केलें' आणि 'दुसरें कां केलें नाहीं' हें फक्त माणूस सांगूं शकतो.

दुसरें गुरुकुल समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमानें जमलेलीं रामदासी संप्रदायाचीं हस्तलिखितें तेथें जतन केलेलीं आहेत. ज्या समर्थांचा हा संप्रदाय, त्यांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर कसें वळवावें, ओळींत अंतर किती सोडावें, कागद, शाई, लेखण्या कशा असाव्यात, असा अगदीं कारागिराच्या उपयोगाचा तपशील त्यांत आहे. त्यांतील एक सूचना तर आजच्या तरुणांसाठींच केलेली वाटते: तरुणपणीं अति बारीक अक्षर काढलें तर म्हातारपणीं तें उपयोगी पडत नाहीं, म्हणून मध्यम लिहिण्याची संवय करावी. चलाखी दाखविण्यासाठीं एका ओळींत दहा ओळींचें काम कोंबणारा तरुण असेंच बारीक अक्षर काढीत असतो. पुढें तें त्याचें त्यालाच वाचतां येत नाहीं.

याखेरीज एक परीक्षा आम्ही सुचवितों. ती कठोर आहे, पण फुकट आहे. आपण लिहिलेली माहिती एखाद्या नवख्या सहकाऱ्याच्या हातीं द्यावी, त्याला तीवरून काम करावयास सांगावें, आणि आपण शेजारीं बसून तोंड मिटून पाहावें. तो जेथें थबकेल तेथें आपलें वाक्य चुकलें. त्याला समजावून सांगण्याची ऊर्मि दाबून धरावी. कारण उद्यांच्या वाचकाशेजारीं आपण बसलेले नसणार. मग घरीं जाऊन तें वाक्य पुन्हां लिहावें. आणि कोड बदलला कीं जुनें लिहिणें त्याच दिवशीं बदलावें किंवा काढून टाकावें. न लिहिलेली माहिती वाचकाला सावध तरी ठेवते. शिळी माहिती त्याला विश्वासानें खड्ड्यांत नेते.

अलीकडे लिहिण्याचें हें कामही यंत्राकडे सोंपविण्याची सोय झाली आहे. कोड पुढें ठेविला कीं यंत्र त्याचें सफाईदार वर्णन तयार करून देतें. या सोयीचा उपयोग करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण जें ज्याच्या मनांत होतें आणि कोठेंच लिहिलें गेलें नाहीं, तें यंत्राला कोठून सांपडणार? तें अनुमान करील, आणि अनुमान सिद्धांताच्या भाषेंत सांगेल. अशा वेळीं त्या मजकुराखालीं कोणाची तरी जबाबदारी असली पाहिजे: मी हें वाचलें, ताडून पाहिलें, आणि हें खरें आहे असें मी म्हणतों. लिहिण्याचे श्रम यंत्रावर सोंपवितां येतील. ही ग्वाही सोंपवितां येणार नाहीं.

असो. आरंभींच्या प्रश्नाला आमचें उत्तर आतां वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. ज्ञानाचा विषय जोंपर्यंत जाणणाराच्या एकट्याच्या उपयोगाचा आहे, तोंपर्यंत तो सांगणें न सांगणें हा त्याच्या मर्जीचा प्रश्न राहील. परंतु ज्या क्षणीं त्याच्या कामावर दुसरा कोणी विसंबूं लागतो, मग तो पुढचा नोकर असो, रुग्णालयांतील बाई असो, कीं अर्ज भरणारा शेतकरी असो, त्या क्षणीं समजेल असें लिहिणें हा त्या कामाचाच भाग होतो, आणि तो टाळणें म्हणजे काम अर्धवट टाकून पुरें झाल्याचे पैसे घेणें होय. आमच्या घरांतून जीं मुलें या धंद्यांत जातात त्यांना आईबापांनीं पगार किती, परदेशीं केव्हां, हे प्रश्न विचारावेतच; त्यांच्याच जोडीला केव्हां तरी असेंही विचारावें कीं, बाबा, तूं आज जें केलेंस तें तुझ्या मागून येणाराला कळेल ना?